काकांनी दिलेला कॉम्प्युटर

शेजारच्या काकांनी त्यांचा जुना कॉम्प्युटर आमच्या लेकीला देऊ केला, तेव्हा मी ओट्यावर बसून ज्वारी निवडत होते. रविवार होता. काका फाटकाच्या बाहेरूनच म्हणाले, "मॅडम, मुलानं पुण्याहून लॅपटॉप पाठवलाय. जुना आता नुसती जागा अडवून बसलाय. चांगला चालू आहे हं, खराब नाही. तुमची मुलगी कॉम्प्युटरचंच शिकतेय ना? तिच्या उपयोगी पडेल."

मी सूप बाजूला ठेवून उठले. काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "आणि पैशाचं काही काढू नका. विद्यादान समजा."

मला भरून आलं. आज ते आठवलं की माझी मलाच चीड येते, पण खरंच भरून आलं होतं. लेक बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनवर तीन-तीन पोरं बसायची. घरी ती मोबाईलवर कोड लिहायची, डोळे चोळत. नवा घ्यायचं आम्ही दोन दिवाळ्या पुढं ढकललं होतं.

कर्जतच्या बाहेर, जिथं ज्वारीची रानं संपून प्लॉट सुरू होतात, तिथं आमची कॉलनी आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वस्तीवरच्या. नवरा वायरमन आहे. तो पाथर्डीकडचा, त्याचे आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे आणि हा कारखान्याच्या आवारातल्या पाचटाच्या कोपीत वाढला. कर्ज काढून आम्ही इथं घर बांधलं, तेव्हा सासू पहिल्यांदा फरशीवर पाय ठेवताना चप्पल हातात घेऊन उभी राहिली होती. आम्ही बौद्ध. कॉलनीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो आहे, जयंतीला गच्चीवर पंचशील झेंडा लागतो, दिव्यांच्या माळा लागतात. कुणी कधी काही बोललं नाही. उलट सगळे गोड. शाळेत सहकारी शिक्षिका त्यांच्या गल्लीतल्या कुरबुरी सांगायच्या, तेव्हा मी म्हणायचे, "आमच्याकडं तसलं काही नाही बाई. शिकलेली माणसं आहेत."

त्यातही काका-काकू सगळ्यांत जवळचे. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बोलायला मृदू. काकू श्रावणात वाटीभर पुरण पाठवायच्या. संक्रांतीला मला दुसऱ्या दिवशी बोलवायच्या. "काल फार गर्दी होती मॅडम, तुमच्याशी निवांत बोलता आलं नसतं," असं म्हणायच्या. मला ते फार बरं वाटायचं. आपल्यासाठी वेगळा वेळ काढतात, असं.

तर नवरा आणि काका दोघांनी मिळून कॉम्प्युटर आणला. म्हणजे कॅबिनेट नवऱ्यानं उचललं आणि काका कीबोर्ड घेऊन मागून आले. मॉनिटरवर काकूंनी स्वतः शिवलेलं झालरीचं कव्हर होतं. कॅबिनेटच्या कपाळावर दसऱ्याचं कुंकू तसंच होतं. कुठं धुळीचा कण नाही. उदबत्तीचा वास येत होता त्याला. काकांनी ओट्यावरूनच पासवर्ड सांगितला, नातवाचं नाव होतं, आणि गेले. चहा घ्या म्हटलं तर म्हणाले, "आत्ताच झाला."

लेकीनं पुढच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर सगळं जोडलं. मोबाईलचं नेट दिलं. स्क्रीन उजळली आणि कोपऱ्यातून टिंग, टिंग, टिंग असा आवाज सुरू झाला.

"आई, काकांचं व्हॉट्सअॅप चालूच राहिलंय," ती म्हणाली. "त्यांच्या फोनला जोडलेलंच आहे. बंद करते मी."

तिनं बंद करायला माउस नेला आणि तिचा हात थांबला. मी मागं उभी होते. स्क्रीनवर आमच्या घराचा फोटो होता. जुना नाही, आत्ताचा. फाटकातून नवरा कॅबिनेट घेऊन आत शिरतोय, मागं काका. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी काढलेला. खाली लिहिलं होतं, 'विद्यादान सुरू आहे', आणि हसणारी तोंडं.

आम्ही बघत असतानाच खाली काकांचं उत्तर आलं. पलीकडच्या घरात बसून ते टाईप करत होते आणि आमच्या घरात अक्षरं उमटत होती. 'भंगारवाला तरी काय देणार होता. तेवढेच उपकार राहतील त्यांच्यावर.'

मग तिसऱ्या कुणाचं तरी, 'फीमध्ये सवलत, नोकरीत सवलत, आता कॉम्प्युटर पण सवलतीत का?'

काकांनी त्यावर हसून लोळणारी तोंडं टाकली. ओळीनं, बरीच.

कॉलनीचा ग्रुप मला माहीत होता. मी त्यात होते. पाण्याचा टँकर कधी येणार, नगरपंचायतीची घंटागाडी का आली नाही, असलं सगळं त्यावर यायचं. हा तो ग्रुप नव्हता. याचं नाव होतं कॉलनीचंच, आणि पुढं कंसात 'आपले'.

"आई, नको वाचूस," लेक म्हणाली.

"सरक," मी म्हटलं.

मी खुर्ची ओढून बसले आणि वर वर जात राहिले. आम्ही घर बांधायला काढलं, तिथपर्यंत. आमचा प्लॉट आम्हाला विकणाऱ्याला शिव्या होत्या. आमच्या घरामुळं आजूबाजूच्या प्लॉटचे भाव पडतील, यावर पानंच्या पानं चर्चा होती. माझ्या शाळेबद्दल होतं, 'कोट्यातली मास्तरीण, पोरांना काय शिकवणार.' जयंतीच्या दिव्यांचा फोटो होता आणि त्याखाली जे लिहिलं होतं ते मी इथं लिहिणार नाही. लिहिणारी माणसं मला एकेक करून माहीत होती. एकाच्या आईला दवाखान्यात नेताना नवऱ्यानं तिला उचलून गाडीत बसवलं होतं. एकीच्या मुलाची शिकवणी मी वर्षभर घेतली होती.

काकांचं फार लिहिलेलं नव्हतं. ते हसायचे. दुसऱ्यांनी लिहायचं आणि यांनी हसायचं.

मग एक जुना आवाजी मेसेज लागला. काकूंचा फोटो होता त्याच्यापुढं. मी दाबला.

काकूंचा आवाज आमच्या पुढच्या खोलीत घुमला. अगदी तोच, सायीसारखा. "अगं, तिनं हुलग्याच्या शेंगोळ्या दिल्यात. डबा घेतला बाई, तोंडावर नाही कसं म्हणायचं? तसाच गोठ्यावर पाठवून दिला, म्हशीपुढं टाक म्हटलं. अन् डबा राखेनं दोनदा घासला, मगच घरात घेतला." आणि मग त्या हसल्या. पाठीमागं काकांचाही खाकरल्यासारखा हसण्याचा आवाज होता.

खाली कुणीतरी विचारलं होतं, 'म्हशीनं तरी खाल्ल्या का?'

त्या शेंगोळ्या मला आठवतात. लसूण-मिरची वाटून, हुलग्याचं पीठ मळून मी सकाळी शाळेच्या आधी केल्या होत्या. काकूंनी दुसऱ्या दिवशी माझा हात धरून सांगितलं होतं, "काय चव आहे हो तुमच्या हाताला!"

मी उठून मोरीत गेले. चूळ भरली, पुन्हा भरली. आणि तिथं उभी असताना मला काकूंचे कप आठवले. निळ्या फुलांचे, काचेचे. आम्हाला चहा नेहमी त्यातच यायचा. बाकीच्यांना स्टीलचे पेले. मी घरी येऊन नवऱ्याला कौतुकानं सांगितलं होतं की काकू आपल्यासाठी खास कप काढतात. ते कप त्यांच्या घरात नसायचेच. मागच्या बाजूला, भांडी घासायच्या दगडाशेजारच्या खिडकीत असायचे. मी स्वतः बघितले होते तिथं. कितीदा. बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. त्या कपाला मी ओठ लावत होते आणि वर "अजून अर्धा द्या" म्हणत होते.

त्यांच्या घरातलं जे जे खाल्लं होतं, ते सगळं पोटातून वर येऊ बघत होतं. पुरण, चिवडा, तीळगूळ.

कॅबिनेट ठेवून बाहेर गेलेला नवरा तोवर परत आला होता. लेकीनं त्याला दाखवलं. त्यानं सगळं वाचलं नाही. आवाज तेवढा ऐकला, अर्धाच. "बंद कर ते," म्हणाला. मग कॅबिनेटकडं वळला. "उचलतो आन् त्याच्या दारात नेऊन आपटतो. न्हाई पायजे आपल्याला."

"पप्पा, थांबा," लेक म्हणाली.

"काय थांबा? त्यांनी हसत हसत दिलं आन् मी खांद्यावर मिरवीत आणलं. गावानं फोटू काढला त्याचा."

"परत दिलं तर ते काय म्हणतील? बघा, चांगुलपणानं दिलं, तर यांना किंमत नाही. अजून चार दिवस हसतील." ती अजिबात रडत नव्हती. मला तिचं नवल वाटलं आणि थोडी भीतीही. "मशीननं काय केलंय? आत जे आहे ते घाण आहे. ते काढून टाकू. सगळं पुसून पुन्हा नवीन विंडोज टाकते."

"पुसून जातं व्हय असलं?"

"डिस्कवरनं जातं," ती म्हणाली.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की मग आधी सगळ्याचे फोटो काढ आणि पोलिसात जाऊ. लेकीनं मोबाईलवर स्क्रीनचे फोटो काढले, एकेक. आवाजही रेकॉर्ड करून घेतला. मी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. ठाण्यात जाऊन माझ्या शेंगोळ्यांची गोष्ट खाकीतल्या एखाद्या माणसासमोर सांगायची, आणि तोही कुठल्यातरी अशाच ग्रुपवर असायचा, ते माझ्यानं होणार नव्हतं. ते फोटो अजून लेकीच्या मोबाईलमध्ये आहेत. त्यांचं काय करायचं ते ती सज्ञान आहे, ती ठरवेल.

दुपारी जेवण कुणाला गेलं नाही. लेक पेन ड्राइव्हवर विंडोज तयार करायला मैत्रिणीकडं गेली होती, ती परत आली आणि तिच्या मागोमाग फाटकाशी काका.

"मॅडम, एक राहिलंच बघा." हातात छोटा पेन ड्राइव्ह होता. "नातवाच्या बारशाचे फोटो त्यातच आहेत. आणि आमच्या आईचे, शेवटचे. तेवढे याच्यात टाकून द्याल? मुलीला सांगा, तिला येतं."

इतकी वर्षं काका कधी आमच्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते. कायम फाटक, फार तर ओटा. मला त्या क्षणी ते ध्यानात आलं. मी त्यांच्या पायांकडं बघत होते. ओट्याच्या पहिल्या पायरीवर चप्पल होती आणि त्याच्यावर येत नव्हती.

त्यांनी पेन ड्राइव्ह पुढं केला. मला तो त्यांच्या हातातून घेववेना.

"ठेवा तिथं," मी म्हटलं, ओट्याकडं बोट करून.

त्यांनी ठेवला. "बरं वाटत नाहीये का?"

"नाही," मी म्हटलं. "बरं वाटत नाहीये."

"ऊन फार आहे सध्या. लिंबूपाणी घ्या." आणि गेले.

नवरा म्हणाला, "द्यायचे न्हाईत फोटू. पुसून टाक समदं." माझ्याही मनात तेच होतं. पण लेकीनं फोल्डर उघडलं आणि पहिला फोटो आला तो काकांच्या आईचा. म्हातारी पलंगावर होती, अंगात काही राहिलेलं नव्हतं, आणि काका तिला चमच्यानं काहीतरी भरवत होते. तिच्या हनुवटीखाली त्यांचा दुसरा हात होता, सांडू नये म्हणून. त्यांचा चेहरा असा होता की एखाद्या माणसाला तो आयुष्यात एकदाच मिळावा. मी बघत राहिले. मला वाटलं होतं असलं काही बघून माझा राग निवेल. निवला नाही. उलट जास्त किळस आली. हे सगळं येतं त्याला, म्हणजे. माणसाला कसं धरायचं ते त्याला बरोबर माहीत आहे.

"टाक याचे," मी म्हटलं. "त्या म्हातारीनं आपलं काही केलेलं नाही."

तिनं बारसं टाकलं, म्हातारी टाकली. एका फोल्डरमध्ये कॉलनीच्या झेंडावंदनाचे फोटो होते. एकात मी जिलेबीचं ताट धरून उभी होते आणि काकू हसून एक उचलत होत्या. ती जिलेबी बाजारातली होती. माझ्या हातची नव्हती म्हणून चालली असेल.

"हा पण टाकू?" लेकीनं विचारलं.

"हा त्यांना नाही द्यायचा."

मग तिनं पुसायला घेतलं. तिनं मला आधी समजावलं. म्हणाली, "नुसतं फॉरमॅट मारलं की वरची यादी जाते. खालचं तसंच राहतं, कुणी खणलं तर निघतं. पूर्ण पुसायचं तर सगळ्या डिस्कवर शून्य लिहावी लागतात. त्याला वेळ लागतो."

"लागू दे," मी म्हटलं. "एक अक्षर राहता कामा नये."

विंडोजचा पेन ड्राइव्ह लावून तिनं मशीन पुन्हा सुरू केलं. निळा पडदा आला. ती काळ्या खिडकीत गेली, दोन-तीन आज्ञा लिहिल्या आणि बोट एंटरवर ठेवून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. काही झालं नाही. नुसता कॅबिनेटवरचा बारका दिवा लुकलुकायला लागला. मला वाटलं होतं काहीतरी दिसेल, भरभर नाहीसं होताना. तसं काही दिसत नाही. आतून घासल्यासारखा एक आवाज येत राहतो, बस.

तो चालू असताना मी कव्हर उचलून पिशवीत भरलं. ओलं फडकं घेतलं, साबणाचं पाणी केलं आणि कॅबिनेटवरचं कुंकू पुसायला बसले. निघेना, भेगेत गेलं होतं. मी नखानं खरवडलं, पुन्हा फडकं मारलं, कीबोर्ड पुसला, माउस पुसला, पुन्हा कॅबिनेट. लेक म्हणाली, "आई, पाणी आत जाईल, पुरे." तेव्हा मी हाताकडं बघितलं. काकूंनी राखेनं डबा घासला असेल तो असाच घासला असेल. मी फडकं मोरीत फेकून दिलं. मला माझ्या हाताचीही शिसारी आली, आणि ही शिसारी मला त्यांनीच लावली म्हणून पुन्हा त्यांची.

अर्ध्यात लाईट गेली. मशीन गप्प. लेक डोक्याला हात लावून बसली. पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार होतं. नवऱ्यानं सबस्टेशनला फोन लावला. इतरांच्या लाईटसाठी जन्मभर फोन घेणारा माणूस, त्या दिवशी पहिल्यांदा त्याला मी स्वतःच्या घरासाठी अजीजीनं बोलताना ऐकलं. "जरा लौकर बघ भावा. घरी काम हाय. लई गरजेचं हाय." पलीकडच्यानं काय विचारलं कोण जाणे. हा म्हणाला, "साफसफाई हाय."

लाईट आली. तिनं पुन्हा सुरू केलं. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला एकदाचं ते संपलं. पडद्यावर डिस्क रिकामी दिसत होती, तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. मग तिनं नवीन विंडोज टाकलं. ते किती वेळा बंद पडून पुन्हा चालू झालं, दरवेळी मला वाटायचं की आता पुन्हा ते टिंग टिंग वाजेल. वाजलं नाही. शेवटी मशीननं विचारलं, वापरणाऱ्याचं नाव काय. लेकीनं स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, आडनावासकट.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी पेन ड्राइव्ह आणि कव्हरची पिशवी घेऊन त्यांच्याकडं गेले. नवरा येतो म्हणत होता. मी नको म्हटलं. त्याचा हात उचलला गेला असता आणि मग बाकीचं सगळं विसरून लोकांनी तेवढंच धरलं असतं.

काका झोपाळ्यावर होते. काकू आतून म्हणाल्या, "या या मॅडम, चहा टाकते."

"नको," मी म्हटलं. "चहा नको. काका, तुमचे फोटो यात आहेत. आईंचे, नातवाचे. बाकी सगळं पुसलं आम्ही. तुमचं व्हॉट्सअॅप त्यावर चालू राहिलं होतं."

काकांचा पाय जमिनीला लागला आणि झोपाळा थांबला. "हो का? ते... त्यात काही विशेष नसतं. गुड मॉर्निंग वगैरे."

"'आपले' पण होतं."

आतून भांड्याचा आवाज येत होता, तो थांबला.

काका थोडं हसले. त्यांचं ते मृदू हसू. "अहो ग्रुपवर कोण काय टाकतं, आपण लक्ष देतो का? रिकामटेकडी माणसं असतात. मी तर एक शब्द लिहिलेला नाही कधी तुमच्याबद्दल. तुम्हीच बघितलं असेल."

"भंगारवाल्याचं तुम्हीच लिहिलं होतं. आम्ही समोर बसलो होतो, तुम्ही लिहीत होता तेव्हा."

त्यांचा चेहरा बदलला. शरम आली असेल असं मला वाटलं, पण ती शरम नव्हती. ते ताठ बसले. "मॅडम, एक सांगू? दुसऱ्याचे खाजगी मेसेज वाचणं, हे शिक्षकाला शोभत नाही. विश्वासानं वस्तू दिली तुम्हाला. मी तुमच्या जागी असतो तर न वाचता बंद केलं असतं."

काकू तोवर दारात आल्या होत्या, पदराला हात पुसत.

मी त्यांना विचारलं, "काकू, म्हशीनं शेंगोळ्या खाल्ल्या का?"

त्या भरभर बोलायला लागल्या. "अहो तसं नाही, त्या दिवशी माझा उपवास होता, अन् यांना हुलगं सोसत नाही, वाया जायला नको म्हणून... आणि ते मी आपलं गमतीनं म्हटलं हो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आम्ही तुमच्याशी कधी दुजाभाव केलाय का? विचारा कुणालाही."

"डबा दोनदा घासला म्हणालात."

"डबे आम्ही सगळ्यांचेच घासतो," काका मध्येच म्हणाले.

तेवढं खोटं ऐकून मला वाटलं, आता इथं अजून थोडा वेळ उभी राहिले तर मी त्यांच्या अंगणातच ओकेन. एवढंच म्हणाले असते, की हो, चुकलं आमचं, किंवा हो, आम्ही असेच आहोत, तर मी निदान त्यांच्याकडं बघू शकले असते. मी पिशवी आणि पेन ड्राइव्ह झोपाळ्यावर ठेवला आणि घरी आले.

त्यानंतर फार काही झालं नाही, हेच सांगायचं आहे. कुणी भांडायला आलं नाही, कुणी माफी मागायला आलं नाही. 'आपले' बंद झाला म्हणतात. दुसऱ्या नावानं सुरू झाला असेल. सोमवारच्या बाजारात समोरच्या घरातली बाई भेटली, वांगी निवडत होती. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मी काही लिहिलं नव्हतं हं मॅडम. मी नुसती होते त्यात." ते खरं होतं. तिचं एकही अक्षर मला दिसलं नव्हतं. आमच्या घराचा फोटो मात्र तिच्याच गच्चीवरून काढलेला होता. मी पुढं गेले. घरी येऊन पिशवी उपडी केली तर मेथीची जुडीच घ्यायची राहिली होती.

नवऱ्यानं मध्ये एकदा घर विकायचं काढलं. "पाथर्डीला जाऊ. न्हाईतर नगरला."

"तिथं ग्रुप नसतील का?" मी विचारलं.

"आसतील की. पर आपल्याला म्हाईत तरी नसंल."

हे त्यानं इतक्या सरळपणानं म्हटलं की मी हसले आणि मग मला रडू आलं. घर विकायचं नाही, असं मी त्याला सांगितलं. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. काकांच्या घराची लाईट गेली की ते अजून त्यालाच फोन करतात आणि तो जातो, खांबावर चढतो. मी चिडले तर म्हणतो, "ती ड्युटी हाय."

लेकीचा प्रोजेक्ट त्याच मशीनवर झाला. चांगलं चालतं ते. नंतर आम्ही एक जुना प्रिंटरही घेतला. तिच्या टेबलाजवळून जाताना मला आता उदबत्तीचा वास येत नाही, पण मी जरा लांबूनच जाते.

आणि मग एक दिवस सकाळी, मी शाळेला निघायच्या गडबडीत असताना, काका फाटकाशी आले. काही घडलंच नव्हतं, असा चेहरा. हातात मोबाईल. "मॅडम, हिच्या तपासण्यांचे रिपोर्ट आलेत मोबाईलवर. डॉक्टरांना कागद लागतात. मुलीला सांगून तेवढे प्रिंट काढून द्याल?"

ओट्याच्या पहिल्या पायरीवर त्यांची चप्पल होती. लेक आतून बाहेर आली होती, माझ्याकडं बघत. तिनं हात पुढं केला असता की नाही, मला माहीत नाही. मी तिला तशी वेळ येऊ दिली नाही.

"स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे," मी म्हटलं. "नऊला उघडतं."

ते "बरं, बरं" म्हणत वळले. मी दाराला कुलूप लावलं, गाडी काढली आणि त्यांच्या बाजूनं, त्यांना मागं टाकून, शाळेच्या रस्त्याला लागले.